चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे तिसरे कलम अजून का अडले आहे? महाराष्ट्राच्या ६७ खासदारांना खुले पत्र

सन्माननीय खासदार,

लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९, असे आपण महाराष्ट्राचे ६७ जण दिल्लीत बसता. हे पत्र मी आपणा सर्वांना मिळून लिहिते आहे. खटल्याशिवाय स्थानबद्ध केलेल्या माणसाला थोडे संरक्षण देणारे, संसदेने मंजूर केलेले पण अजून अमलात न आलेले एक कलम हा माझा विषय आहे. त्यात आपल्यापैकी सत्तेत राहिलेला एकही पक्ष मोकळा सुटत नाही, म्हणून एकेकाला वेगळे लिहिण्यात अर्थ नाही.

आधी घरातली गोष्ट सांगते. जुलै १९७५ मधल्या एका रात्री दीडच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. अण्णा तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवायचे आणि सेवादलाची शाखा चालवायचे. दारात आलेल्या फौजदारांचा मुलगा अण्णांच्याच वर्गात होता. ते खाली मान घालून म्हणाले, "सर, थोडं यावं लागेल." अण्णांनी सदरा घातला, चष्मा घेतला आणि गेले. ते परत आले ते १९७७ च्या फेब्रुवारीत.

मधल्या काळात आई दर सोमवारी एसटीने जिल्ह्याच्या गावी जायची. एका कचेरीत अर्ज द्यायची. अर्जात एकच मागणी असायची: माझ्या यजमानांना कोणत्या कारणाने धरले आहे ते लेखी कळवावे. 'मिसा', म्हणजे खटल्याशिवाय माणूस कोंडता येणारा तेव्हाचा अंतर्गत सुरक्षा कायदा, काय आहे हेही तिला तेव्हा नीट ठाऊक नव्हते. कचेरीतला कारकून सज्जन माणूस होता, तिला बसायला स्टूल द्यायचा, आणि दर वेळी तेच सांगायचा: "वहिनी, कारण आमच्याकडेही नाही. वरून आदेश आहे." तो खोटे बोलत नव्हता. २९ जून १९७५ च्या वटहुकमाने मिसात १६-अ हे कलम घातले गेले होते. त्याप्रमाणे आणीबाणीसाठी ही स्थानबद्धता आवश्यक आहे एवढे जाहीर केले, की स्थानबद्ध माणसाला कारणे सांगण्याची गरज उरत नव्हती आणि त्याचे प्रकरण, स्थानबद्धता योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळापुढे नेण्याचीही गरज उरत नव्हती. दर चार महिन्यांनी फेरविचार व्हायचा, पण तो सरकारच करायचे. ज्याने कोंडले त्यानेच विचारायचे, की कोंडणे बरोबर आहे ना!

आईच्या अर्जांच्या स्थळप्रती माझ्याकडे आहेत. एकूण त्रेपन्न. एकालाही उत्तर नाही.

एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच प्रश्नाचा निकाल लागायचा होता. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी तोवर सांगितले होते, की आणीबाणी असली तरी स्थानबद्ध माणूस न्यायालयात दाद मागू शकतो. त्यात आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले होते, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे का? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असे उत्तर त्यांना द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ ला निकाल आला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. तो एक म्हणजे खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलली गेली आणि सरन्यायाधीशपद न्यायमूर्ती बेग यांच्याकडे गेले. त्याच बेग यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले होते, की स्थानबद्धांच्या खाण्यापिण्याची नि राहण्याची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ आईच्या मायेची आहे. हे वाक्य मी फार उशिरा, कायद्याच्या एका पुस्तकात वाचले. त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ आईच्या अर्जांची फाईल मांडीवर घेऊन बसले.

चारांमध्ये एक न्यायमूर्ती आपल्या पुण्याचे होते, यशवंतराव चंद्रचूड. २४ ऑगस्ट २०१७ ला त्यांच्याच चिरंजीवांनी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, नऊ सदस्यांच्या घटनापीठात बसून तो निकाल चुकीचा होता असे लिहिले. न्यायालयाने आपली चूक दुरुस्त करायला एक्केचाळीस वर्षे घेतली, पण केली. मला बोलायचे आहे ते संसदेने केलेल्या दुरुस्तीबद्दल. कारण ती अर्धवट राहिली आहे, आणि ती पुरी करणे आपल्या हातात आहे.

आणीबाणीनंतर जनता सरकार आले. तुरुंगातून आलेली माणसे मंत्री झाली. विधिमंत्री शांतिभूषण यांनी घटनादुरुस्ती विधेयक आणले, दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले, आणि ३० एप्रिल १९७९ ला राष्ट्रपतींची संमती मिळून ते चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून संविधानात दाखल झाले. या दुरुस्तीने आणीबाणी जाहीर करायच्या कारणांतला 'अंतर्गत अशांतता' हा ढिला शब्द काढला आणि 'सशस्त्र उठाव' हा शब्द घातला. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा काढायची नाही असे ठरवले. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही आधी झाली होती आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावून सांगण्यात आले होते, हे तेव्हा सर्वांच्या ताज्या आठवणीत होते. आणि कोणत्याही आणीबाणीत जीविताचा व स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ निलंबित करता येणार नाही, असे लिहून ठेवले. हे सगळे अमलात आले. याबद्दल मी त्या संसदेची कायमची ऋणी आहे.

याच दुरुस्ती कायद्याचे तिसरे कलम मात्र आजही अमलात आलेले नाही. ते नेमके कोणते, हे मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच शिकल्यासवरलेल्या माणसांना विचारले. वकिलांनासुद्धा. बहुतेकांना ठाऊक नव्हते, त्यामुळे आपल्यालाही ठाऊक नसेल तर मी दोष देणार नाही. हे पत्र वाचल्यानंतर मात्र ती सबब राहणार नाही.

संविधानाचा अनुच्छेद २२ प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दल आहे. म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे, पुढे काही करील या शंकेने माणसाला बंद करणे. आज तो अनुच्छेद सांगतो, की तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ कोणाला असे ठेवायचे असेल तर सल्लागार मंडळाचे मत घ्यावे लागेल. या मंडळावर उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असावेत, किंवा न्यायाधीश व्हायला पात्र असलेली माणसे. हे 'पात्र' पुन्हा वाचा. ज्याने दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केली तो पात्र. असे मंडळ नेमते सरकार. शिवाय त्याच अनुच्छेदाच्या सातव्या खंडात एक पळवाट आहे, की संसद काही प्रकारच्या प्रकरणांत मंडळाचे मत न घेताही तीन महिन्यांपुढे स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देऊ शकते. ऐंशीच्या दशकात पंजाबातल्या परिस्थितीसाठी अशी मुभा दिली गेलीही होती.

तिसरे कलम हे सगळे बदलते. तीन महिन्यांचे दोन महिने करते. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनेच नेमायचे, अध्यक्ष उच्च न्यायालयात काम करीत असलेला न्यायाधीशच असायचा, बाकीचे सदस्यही उच्च न्यायालयांचे आजी-माजी न्यायाधीशच असायचे, असे सांगते. आणि सातव्या खंडातली ती पळवाट बंद करते.

एवढेच आहे त्या कलमात. प्रतिबंधक स्थानबद्धता ते रद्द करीत नाही. सरकारच्या हातातले एकही हत्यार काढून घेत नाही. कोंडण्याआधी नाही तर निदान कोंडल्यावर दोन महिन्यांच्या आत, सरकारने न निवडलेल्या न्यायाधीशाने ते कागद पाहावेत, एवढेच मागते. दोन्ही सभागृहांनी ते विशेष बहुमताने मंजूर केलेले आहे. नवा मसुदा नको, नवे मतदान नको. दुरुस्ती कायद्यात लिहिले होते, की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढील त्या दिवसापासून कलमे अमलात येतील, आणि वेगवेगळ्या कलमांसाठी वेगवेगळे दिवस ठरवता येतील. बाकीची कलमे १९७९ मध्येच अमलात आली. या कलमाची अधिसूचना त्या वर्षी निघाली नाही, आणि त्यानंतर आजतागायत निघालेली नाही.

जनता सरकारचे पंतप्रधान मोरारजीभाई स्वतः एकोणीस महिने स्थानबद्ध होते. त्यांचे सरकार जुलै १९७९ मध्ये पडेपर्यंत ही अधिसूचना निघाली नाही. चरणसिंगांनी काढली नाही. इंदिराजी परत आल्या आणि १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, ज्याला आपण रासुका म्हणतो. त्यात सल्लागार मंडळाची जुनीच व्याख्या घातली गेली. राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंग, चंद्रशेखर, नरसिंह राव, देवेगौडा, गुजराल, कोणीच काढली नाही. वाजपेयींच्या काळात न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालच्या संविधान पुनर्विलोकन आयोगाने २००२ मध्ये अहवाल दिला आणि थोड्या बदलासह हे कलम तीन महिन्यांत अमलात आणा असे स्पष्ट सुचवले. वाजपेयीही आणीबाणीत स्थानबद्ध होते. तरीही काही झाले नाही. मनमोहन सिंग यांची दहा वर्षे गेली. विद्यमान सरकारलाही दहा वर्षांहून जास्त काळ लोटला.

ही यादी मी मुद्दाम पूर्ण दिली. जे आज विरोधी बाकांवर आहेत त्यांनी रासुकाच्या वापराबद्दल बोलताना, आपल्या हाती दिल्ली होती तेव्हा हा एक कागद का काढला नाही, हेही सांगावे. आणि जे सत्तेत आहेत त्यांच्याकडे माझी तक्रार अधिक आहे, कारण आज सहीचा अधिकार त्यांच्याकडे आहे. १२ जुलै २०२४ ला केंद्र सरकारने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून पाळायची अधिसूचना काढली. त्याच राजपत्रात तिसऱ्या कलमाची अधिसूचना काढायला जागा कमी पडली नसती.

महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना मानधन सुरू केले. एक महिन्यापेक्षा जास्त काळ तुरुंगात काढलेल्यांना दरमहा १० हजार, त्यांच्या पश्चात पतीला किंवा पत्नीला निम्मे. २०२० मध्ये ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, २०२५ मध्ये दुप्पट झाले. अण्णा हे मानधन सुरू होण्याआधीच गेले होते. आईने अर्ज भरला तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. किती दिवस तुरुंगात होते, ते तिने अचूक लिहिले. मग मला म्हणाली, "यांना विचार ना, कारण आता तरी सांगतील का?" तिला पैशांपेक्षा ते हवे होते. आईचे पैसे तिच्या औषधांना उपयोगी पडले, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण ज्यांनी सोसले त्यांचा सन्मान करायचा आणि पुढे कोणाला तसे सोसावे लागू नये म्हणून संसदेने मंजूर केलेले कलम मात्र फडताळात ठेवायचे, याचा मेळ मला कधीच बसवता आला नाही.

आपण म्हणाल, आणीबाणी आता कोण आणणार? जाहीर आणीबाणी आता अवघड आहे, हे मला मान्य आहे, आणि त्याचे श्रेय चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीच्या अमलात आलेल्या भागाला आहे. पण १९७७ नंतर देशावर जी संकटे आली त्यांत अंतर्गत आणीबाणी एकदाही जाहीर झाली नाही, आणि स्थानबद्धता मात्र दर संकटात वापरली गेली. तिसरे कलम नेमके या न जाहीर झालेल्या दिवसांसाठी आहे. ज्या दिवशी वर्तमानपत्र निघते, न्यायालय उघडे असते, निवडणुका होतात, आणि तरीही एखाद्या जिल्हादंडाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस आयुक्तांच्या सहीने एक माणूस बारा महिन्यांपर्यंत आत जाऊ शकतो, त्या दिवसांसाठी.

संकट लवकर संपते, संकटासाठी घेतलेले अधिकार संपत नाहीत, हे आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. १९५० मध्ये सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचे पहिले विधेयक संसदेत आणले. ते आणताना आपल्याला कित्येक रात्री झोप लागली नाही असे त्यांनी सभागृहात सांगितले होते. त्या कायद्याची मुदत एक वर्ष होती. वाढवत वाढवत तो १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. चीनने हल्ला केला तेव्हा २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिन्याभरात थांबली, २१ नोव्हेंबरला चीनने शस्त्रसंधी जाहीर केली. आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. सव्वापाच वर्षे! बांगलादेश युद्धासाठी ३ डिसेंबर १९७१ ला लावलेली आणीबाणी युद्ध तेरा दिवसांत जिंकल्यावरही उठली नाही. जून १९७५ मध्ये दुसरी लागली तेव्हा पहिली चालूच होती. आणि मिसा हा कायदाही १९७१ च्या त्याच सीमेवरच्या तणावात, हेरगिरीची भीती सांगून आलेला. चार वर्षांनी तो गणिताच्या मास्तरांवर चालला. आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्या एकवीस महिन्यांत मिसाखाली ३४ हजार ९८८ माणसे स्थानबद्ध झाली.

यातला १९६२ नंतरचा एक मुंबईचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी अणूच्या आतल्या जगाविषयी एक पुस्तक लिहिले, मराठीत. ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. राज्य सरकारने नाकारली. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आणीबाणी चालू असताना, सप्टेंबर १९६५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तुम्ही या माणसाचे शरीर स्थानबद्ध केले आहे, त्याने लिहिलेले पुस्तक बाहेर पाठवायला मनाई करण्याचा अधिकार तुमच्या आदेशात नाही. मुलूख सांभाळायचा म्हणून मराठी विज्ञानाचे हस्तलिखित अडवायचे, हे तेव्हाच्या कोण्या अधिकाऱ्याला राष्ट्रहिताचे वाटले होते. न्यायाधीशाने कागद पाहिले म्हणून ते पुस्तक बाहेर आले.

त्याही आधी, १८९७ ची पुण्यातली प्लेगची साथ. संकट खरे होते, माणसे मरत होती. त्या साथीत मुंबई इलाख्याच्या सरकारने सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले. आरोप नाही, खटला नाही, जवळपास दोन वर्षे बंदी. लोकमान्यांवर त्याच वर्षी खटला चालला, शिक्षा झाली, तो अन्याय सर्वांना पाठ आहे. पण लोकमान्यांना निदान न्यायालयात उभे राहून बोलता तरी आले. नातूंना तेही नाही. परक्या सरकारने जे केले त्याच पद्धतीची तरतूद स्वतंत्र भारताने आपल्या संविधानात, तीही मूलभूत हक्कांच्या प्रकरणात ठेवली. जगातल्या फार थोड्या लोकशाही संविधानांत असे आहे. बाबासाहेबांना याची टोचणी होती असे मला त्यांची भाषणे वाचून वाटते. सप्टेंबर १९४९ मध्ये आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले, की अनुच्छेद २१ मध्ये जे संरक्षण द्यायचे राहिले त्याची ही भरपाई आहे. देशाची परिस्थिती पाहता प्रतिबंधक स्थानबद्धता ठेवावी लागेल, पण निदान तिला मुदत आणि मंडळाचे कुंपण असावे, एवढी ती भरपाई होती. तिसरे कलम त्या कुंपणाला दोन खांब अधिक लावते.

हे पत्र वाचून कोणी म्हणेल, की दहशतवादाचे काय? मी मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ ला होते. त्या रात्रीचा आवाज मी विसरलेली नाही. पण त्यानंतर या राज्याने काय केले तेही विसरलेली नाही. अजमल कसाबला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात उभे केले. त्याला वकील दिला. साक्षीदार तपासले. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. देशाची सुरक्षा त्यामुळे ढिली पडली नाही. जगापुढे आपली मान ताठ राहिली. कसाबला जो वकील मिळाला तो रासुकाखालच्या माणसाला सल्लागार मंडळापुढे हक्काने मिळत नाही, कारण कायदाच तसा आहे. तिसरे कलम वकीलही देत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. ते इतके कमी मागते, तरीही ते रोखून धरले आहे.

आणि व्यवहाराची अडचण म्हणाल तर तीही नाही. रासुकात आजच लिहिले आहे, की सल्लागार मंडळाने स्थानबद्धतेपासून सात आठवड्यांत अहवाल द्यावा. सात आठवडे म्हणजे एकोणपन्नास दिवस. दोन महिन्यांच्या आतच की! म्हणजे मुदत आखडल्याने एकाही जिल्हाधिकाऱ्याचे काम वाढणार नाही. बदलेल ते एवढेच, की मंडळावर कोण बसते आणि त्यांना कोण नेमते. मग अडते ते कुठे?

आपल्या राज्यातले उदाहरण घ्या. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, वाळूतस्कर यांच्यासाठी १९८१ चा एमपीडीए हा राज्याचा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे. जिल्ह्याच्या पानावर 'एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध' ही ओळ आठवड्यातून एकदा तरी दिसते. त्या माणसांबद्दल मला कळवळा असेलच असे नाही. त्यातल्या काहींनी वस्त्यांना छळले असेल. पण कायदा नामांकित सज्जनांसाठी लिहिलेला नसतो. ज्याच्या बाजूने कोणी उभे राहत नाही, त्याचे कागद कोणी पाहतो की नाही, यावरच कायद्याची किंमत ठरते. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातली एक स्थानबद्धता रद्द करताना सल्लागार मंडळांना बजावले, की तुम्ही रबरी शिक्का होऊ नका. न्यायालयाला हे सांगावे लागले, यातच सगळे आले.

आता मी आपल्यालाच का लिहिते आहे, त्याचे खरे कारण सांगते. १९८० मध्ये धनबादचे खासदार ए. के. रॉय रासुकाच्या आधीच्या वटहुकमाखाली स्थानबद्ध झाले. आपल्यासारखाच निवडून आलेला लोकसभा सदस्य. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली, की सरकारला तिसरे कलम अमलात आणायचा आदेश द्या. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने नकार दिला. पण नकार देताना जे सांगितले ते नीट वाचण्यासारखे आहे. अधिसूचना केव्हा काढायची हे संसदेने सरकारवर सोपवले आहे. सरकारने विश्वासघात केला असे संसदेला वाटत असेल तर संसदच सरकारला जाब विचारू शकते. दोन न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. त्यातले एक आपले व्ही. डी. तुळजापूरकर होते. सरकारला असा कायमचा नकाराधिकार असू शकत नाही, ही त्यांची दिशा होती. ते अल्पमतात राहिले. बहुमताने चेंडू आपल्याकडे टाकला. तेव्हापासून तो आपल्याच अंगणात पडून आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. इंदिराजींच्या सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाशजी नारायण तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आजारी होते. त्यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून दुर्गाबाईंनी सर्वांना उभे राहून प्रार्थना करायला सांगितले. यशवंतरावांनाही उभे राहावे लागले. अण्णांना हा प्रसंग तुरुंगात कळला. ते पुढे आयुष्यभर तो सांगत, आणि यशवंतरावांबद्दल कडवटपणे कधी बोलले नाहीत. म्हणत, "उभे राहिले ना? बसून राहिले असते तरी त्यांना कोण काय म्हणणार होते?" मला मात्र नेहमी वाटते, की प्रार्थनेला उभे राहिलेल्या त्या माणसाने मंत्रिमंडळातही उभे राहायला हवे होते. त्याच्याइतका वजनदार माणूस तिथे क्वचितच दुसरा असेल.

मी आपल्यापैकी कोणाला पक्ष सोडायला सांगत नाही, घोषणा द्यायला सांगत नाही. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न द्या. शुक्रवारच्या खासगी सदस्यांच्या वेळेत एक ठराव मांडा. ६७ जणांनी एका पत्रावर सह्या केल्या तर त्याची बातमी होईल, आणि बातमी झाली की उत्तर द्यावे लागेल. मसुद्याचे कष्ट आपल्याला पडू नयेत म्हणून प्रश्न मीच लिहून ठेवला आहे:

"संविधान (चव्वेचाळिसावी सुधारणा) अधिनियम, १९७८ चे कलम ३ अमलात आणण्यासाठी अधिसूचना काढण्यात आली आहे काय, नसल्यास, १९७९ पासून ती न काढण्याची कारणे काय आहेत, आणि सरकार ती कोणत्या तारखेपर्यंत काढणार आहे, हे केंद्रीय गृहमंत्री सांगतील काय?"

आईला गेल्याला आता तीन वर्षे होतील. तिच्या फाईलमध्ये त्रेपन्न अर्ज आहेत आणि मागच्या बाजूला उत्तरांसाठी तिने एक कोरी खाकी पुडी लावून ठेवली होती. या प्रश्नाला सभागृहात जे उत्तर मिळेल त्याची एक प्रत मला पाठवावी. ती मी त्या पुडीत ठेवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, आपल्या मतदारांपैकी एक